सैल पट्टा
नॉर्वेतल्या मोल्दे गावात बर्फ वितळल्यावर गुडवेग पहिल्यांदाच बोक्याला दोरी बांधून वृद्धाश्रमात घेऊन आली. सात किलोंचा तो केसाळ बोका नवऱ्याचा. अकरा वर्षं त्यानेच फिरवलेला. शेजारी विचारायचे, “काय रे, कुत्रं परवडलं नाही?” आता नवरा इथल्या अंगणातल्या बाकावर बसून, ती कुणी परकी असल्यासारखा तिच्याकडे बघत होता. फेरीबोटीचा भोंगा वाजला, तसा बोका दचकून मागे सरकला आणि छातीच्या पट्ट्यातून अर्धा बाहेर आला. नवऱ्याने त्याला झटकन पोटाशी धरलं. “अहो बाई, हे हिवाळ्याचं माप! केस गळले की बोका निम्मा होतो, पट्टा आवळायला नको?” त्याने पट्टा तीन भोकं आवळला आणि आत दोन बोटं घालून बघितली. “तुम्ही पाळलं होतं वाटतं मांजर?” तिने विचारलं. “छे हो! माझ्या बायकोला मांजरं मुळीच आवडत नाहीत.” “आता आवडतात,” गुडवेग म्हणाली.