चोख काम

सरांनी उभी हयात नाकतोड्यांची गाणी टेप करण्यात घालवली. परसातल्या झाडावर पानासारखा हिरवागार नाकतोडा पंखावर पंख घासून गाऊ लागला, की सर माइक धरून श्वाससुद्धा जपून घ्यायचे. नेमकी तेव्हाच बायकोची हाक यायची, "अहो, चहा निवतोय!"

सर डोळे वटारायचे. तीही ऐकून घेणारी नव्हती. "त्या किड्याचे कान गुडघ्यात, तरी त्याला बायकोची हाक ऐकू येते. तुमचे चांगले डोक्याला आहेत!"

ती पाय आपटत आत गेली, की सर टेबलाशी बसून टेपमधला तिचा शब्द न् शब्द कापून टाकायचे.

ती गेल्यावर वर्षभराने सरांनी मुलीला त्या जुन्या टेपा लावायला सांगितल्या. एक झाली, दुसरी झाली. सरांना नुसती शांतता.

"चालू आहे ना गं?"

"चालू काय, माझे कान किटले! बाबा, एवढा किनरा आवाज आता तुम्हाला ऐकू यायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते ना?"

"नाकतोड्याचं राहू दे. मागून कुणी बोलतंय का, तेवढं बघ."

मुलीने एकेक करून सगळ्या टेपा कान देऊन ऐकल्या. मग कौतुकाने म्हणाली, "छे! कुठे चकार शब्द नाही. तुमचं काम म्हणजे अगदी चोख, बाबा."