चाळीस बोटुकल्या

पिंजरा पाण्याबाहेर आला तरी मॅनेजर हसतच होता. कारखान्याचा पाइप नदीत उतरतो तिथेच, तीन आठवड्यांपूर्वी, प्रयोगशाळेतल्या बाईंनी चाळीस बोटुकल्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडल्या होत्या. बोटाएवढी माशाची पिल्लं. मोठ्या माशात धातू सापडला, की तो मासा दुसरीकडून फिरून आला असेल म्हणत कारखाना हात वर करायचा. पिंजऱ्यातल्या पिल्लाच्या अंगात भिनणार ते इथलंच पाणी.

"सगळी जिवंत! बघा कशी टुणटुणीत आहेत!" मॅनेजर होडीतल्या सरकारी तपासनिसाला म्हणाला.

होडी बाईंच्या वडिलांची. तीस वर्षं त्यांनी याच वळणावर जाळं टाकलं, इथलाच मासा खाल्ला. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा भर चौकशीत हाच मॅनेजर म्हणाला होता, "म्हातारा सकाळीच घेऊन बसतो. आमच्या पाण्याला कशाला नावं ठेवता?" सगळे खो खो हसले होते. म्हाताऱ्याने जन्मात दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. लेकीला ते हसू विसरायचंच नव्हतं.

"आधी इथे सही करा," ती गोडीगुलाबीने म्हणाली. "किल्ली तुमच्याच पहारेकऱ्याकडे होती, पिंजरा कुणी उघडला नाही, ही तीच चाळीस पिल्लं आहेत."

"एकदा सोडून दहादा करतो, ताई." त्याने ऐटीत सही ठोकली. खाली तपासनिसानेही केली.

तिने एक पिल्लू उचलून मॅनेजरच्या तळहातावर ठेवलं.

"पोटाखालचे पर मोजा."

"दोन."

"आता हे."

"दोनच. दोनच असतात ना?"

"असतात. पण मी सोडलेल्या चाळीसही पिल्लांचा डावा पर आधीच छाटला होता. फोटो या तपासनीस साहेबांच्या कचेरीत सीलबंद पाकिटात आहेत."

तपासनिसाने कागद घडी घालून खिशात टाकला.

"पुन्हा उगवला असेल," मॅनेजर म्हणाला.

"तीन आठवड्यांत? ओरखडासुद्धा न राहता? माझी मेलेली पिल्लं कुठे फेकलीत?"

मॅनेजरचा आवाज खाली आला. "ताई, आपण आत बसून बोलू."

"अजून अडतीस आहेत. मोजा."

तिने एकही सोडू दिलं नाही. तो दरवेळी "दोन" म्हणायचा आणि तिला बरं वाटायचं, अगदी पोटातून बरं वाटायचं. तेविसावं पिल्लू त्याच्या हातातून निसटून होडीच्या तळाशी तडफडू लागलं. म्हातारा वाकला, थरथरत्या ओंजळीत ते धरून त्याने पाण्याच्या बादलीत सोडलं. मग त्याने मॅनेजरच्या रिकाम्या हाताकडे निरखून पाहिलं. बोटं लटलट कापत होती.

"साहेब आज सकाळीच घेऊन आलेत वाटतं," म्हातारा म्हणाला.