तो मुलगा कुठल्या वर्गात?

शाळेचं पत्र चार वाजता फोनवर आलं आणि सव्वाचारपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या आया ग्रुपवर जमल्या. ओहायोतलं गाव एवढंसं, तिसरीचे वर्ग दोनच. बर्कबाईंची खोली बारा, हॉलंडबाईंची चौदा. शाळा प्रत्येकीला फक्त आपल्या मुलाचा वर्ग कळवते. बाकीची यादी आयांनीच जुळवायची, ही तिथली रीत. ज्या बाई मिळाल्या त्यांच्या नावाखाली मुलाच्या आईने हजेरी लावायची आणि पुढे लाल बदामाच्या चित्रांची रांग काढायची.

जोलीन धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून वाचत होती. तिच्या पत्रात चौदा नंबर होता. तिने अजून कुठेच हजेरी लावली नव्हती.

'टोबीला बर्कबाई! आमच्यासोबत कोण कोण?' टोबीची आई क्रिस्टा सगळ्यांच्या आधी हजर होती.

म्हणजे टोबी बारात आणि आपला इमेट चौदात. जोलीनने फोन पालथा ठेवला.

"आई, आलं का पत्र?" स्वयंपाकघरातून इमेट ओरडला. तो टेबलावर पेन्सिली, वह्या, डबा असा सगळा संसार मांडून बसला होता. "टोबी आहे ना माझ्या वर्गात?"

"बघतेय रे."

"नुसतं बघतेय-बघतेय करू नको हं."

गेल्या वर्षी इमेटने वर्गात खुर्ची भिरकावली होती. एकदाच. खुर्ची भिंतीवर आदळली आणि गोष्ट गावभर झाली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी बसायला एकटा टोबी उरला. टोबीने हे घरी सांगितलेलं नसावं.

फोन थरथरला, तसा तिने तो उलटला.

'नावं घ्यायची नाहीत हा नियम मला ठाऊक आहे, पण तो मुलगा कुणाच्या पदरात पडला?'

'खुर्चीवाला ना? देवा, आमच्याकडे नको.'

'आमच्या कन्येच्या तर सकाळपासून पोटात दुखतंय.'

'हळू बोला गं, त्याची आई असायची इथे.'

'असती तर एव्हाना भांडली नसती?' यावर अकरा जणी हसल्या.

जोलीन इथेच होती. दुसऱ्या लग्नाचं आडनाव आणि फोटोच्या जागी कुत्रा. कुत्र्याचा संशय कोण घेणार? तिचे कान तापले. त्याची आई ना ती, तिने गप्पच बसायचं असतं, हे ती वर्षभरात शिकली होती.

तेवढ्यात क्रिस्टाचा निरोप आला. खासगी, तिच्या एकटीला.

'अगं जोलीन, आपली ओळख नाही, पण तू वाचनालयाच्या मागे राहतेस ना? तो मुलगाही तिकडचाच म्हणतात. कुठला वर्ग मिळाला त्याला, काही कानावर आलंय? वर्ग बदलून हवा तर ऑफिसला आज पाचच्या आत फोन करावा लागतो, आणि तेही एकदाच करून देतात. सोमवारी शाळा. जीव टांगणीला लागलाय बघ माझा.'

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

खरं सांगणं सोपं होतं. 'चौदा' एवढं लिहिलं की क्रिस्टा निवांत, टोबी बारात, आणि इमेट वर्षभर रिकाम्या टेबलाशी. मग पुन्हा शाळेचे फोन. ताबडतोब या, तो ऐकत नाहीये. तिसरीतच पोराच्या कपाळावर शिक्का मारून मोकळे होतील. जोलीनने 'मी त्याची आई' असं लिहिलं आणि पुसलं.

मग तिने लिहिलं, 'बर्कबाई. खोली बारा. नक्की.'

निदान 'नक्की' तरी काढायला हवं होतं. पण निरोप गेला होता.

'अगं बाई! थांब, लावतेच फोन.'

जोलीनने एक टॉवेल घडी केला, उलगडला आणि परत घडी केला. क्रिस्टा काही वाईट बाई नव्हती. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच विचारलं असतं, हे जोलीनला कळत होतं आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास होत होता. सोमवारी सकाळी सगळं उघडं पडणार. काय तोंड दाखवायचं? पण तोवर पाच वाजून गेलेले असतील.

चार चोपन्नला फोन पुन्हा थरथरला.

'झालं! हॉलंडबाई, खोली चौदा. वाचवलंस गं! सोमवारी शाळेच्या फाटकाशी भेट, घट्ट मिठी मारायची आहे तुला. आणि मी मेली इतकी घाबरले की तुझं विचारलंच नाही. तुझं पिल्लू कुठल्या वर्गात? नाव काय त्याचं?'

"आई!" इमेट समोर येऊन उभा राहिला. हाताला काळी शाई, गालालाही. नव्या डब्यावर त्याने जाड मार्करने या टोकापासून त्या टोकापर्यंत आपलं नाव लिहिलं होतं.

"सांग की, टोबी आहे ना?"

"आहे."

तो जागच्या जागी दोन उड्या मारून थांबला. मग डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला.

"मी कुठे बसलोय ते त्याला लांबूनच कळलं पाहिजे. वाचता येतंय तिथून?"

"येतंय," जोलीन म्हणाली. "फाटकापासून येईल."