दुरुस्त झालेलं भाकीत

कंपन्यांचं आयुष्य सांगणाऱ्या यंत्रानं सकाळी दहाला जाहीर केलं, की दोनशे पडद्यांची एक चित्रगृहसाखळी आठ दिवसांत बुडणार. त्याच साखळीतल्या अकोल्याच्या चित्रगृहाच्या व्यवस्थापक नलिनी वाकोडे हे ऐकून हसल्या, कारण त्यांचा दुपारचा खेळ हाउसफुल्ल होता. पण यंत्रावर सगळ्यांचाच विश्वास. बारापर्यंत बँकांनी हात आखडता घेतला, एक वाजता कामगार निघून गेले आणि मध्यंतरानंतर वितरकानं मुंबईहूनच सिनेमा बंद केला. पडदा काळा झाला.

तेवढ्यात यंत्र चालवणाऱ्या कार्यालयातून फोन आला. “मॅडम, सकाळचं भाकीत चुकलं होतं. दुरुस्ती केली आहे. तुमची कंपनी ठणठणीत आहे.”

“होती,” एवढंच म्हणून नलिनीताईंनी फोन ठेवला.

त्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “सिनेमा आता सुरू होणार नाही. आमची कंपनी बुडाली,” त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबांनी विचारलं, “मंग त्या पोरीले तिचा बाप भेटला का नाई?”

नलिनीताईंनी तो सिनेमा सहा वेळा पाहिला होता.

“भेटला,” त्या म्हणाल्या, “पण तिनं त्याला ओळखलंच नाही.” आणि पायरीवर बसून त्या पुढची गोष्ट सांगू लागल्या.