पाचव्यांदा 'क'

नव्या गुरुजींनी खडू दिला तेव्हा मी फळ्यावर मुद्दाम वाकडा 'क' काढला.

या पाड्यावरच्या शाळेत मी खिचडी शिजवते. पन्नाशीत पहिल्या गुरुजींकडून वाचायला शिकले. ते वर्षातच कंटाळून शाळा सोडून गेले. तेव्हापासून नव्या येणाऱ्या प्रत्येकासमोर मी निरक्षर बनते. निदान एक म्हातारी शिकवली, एवढ्यावर तरी माणूस टिकावा.

दिवाळीनंतर मुलं आईबापांमागे वीटभट्टीवर गेली. रिकाम्या वर्गात गुरुजी अर्ज लिहीत बसले होते. 'राजीनामा' हा शब्द मला दारातूनच वाचता आला. मी घाईनं पुस्तक उघडलं आणि अडखळत अख्खा धडा वाचून दाखवला. त्यांचा चेहरा उजळला. लिहून ठेवायला त्यांनी शाळेची जुनी नोंदवही काढली, आणि पानं उलटताना थांबले.

"मावशी, 'बुधीबाई वाचू लागली' असं इथं चौघांनी लिहिलंय."

मी खाली बघितलं.

"त्यांच्यातलं टिकलं कोण?"

"कुणीच नाही, गुरुजी."

त्यांनी वही मिटली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "वाचा. चुका असतील तर सांगा."

मी न अडखळता शेवटपर्यंत वाचला. चूक एकही नव्हती.