चकतीचा उतार

आलेखातली रेघ फिरली होती. कोरीन तिबोने तारांचे जोड पुन्हा तपासले, नमुना पुन्हा गार केला, पुन्हा मोजलं. रेघ फिरलेलीच.

नमुना म्हणजे कॉपर ऑक्साइडचा पापुद्रा, थरावर थर. त्यातून वीज एका दिशेने सहज जाते, आडव्या दिशेने अडखळते. ही दिशा विजेचे कण स्वतःच निवडतात, असा कोरीनचा दावा. तिची सगळी पीएचडी त्यावर उभी होती. मेख एकच होती. ज्या स्फटिकाच्या चकतीवर पापुद्रा चढवतात ती घासताना किंचित तिरकी होते, आणि तिच्यावर डोंगरातल्या भातखाचरांसारख्या बारीक पायऱ्या पडतात; वीज त्या पायऱ्यांमुळेही एकाच दिशेला झुकू शकते. म्हणून या खेपेला तिने दुसऱ्या बाजूला उतार असलेली चकती मुद्दाम मागवली. दिशा कणांची असती तर जागची हलली नसती. ती उताराबरोबर वळली. म्हणजे एवढी वर्षं कोरीन पायऱ्याच मोजत होती.

बुटांवरचं बर्फ झटकत प्राध्यापक पेट्रिशिन आत आले. हातात डोनटचं खोकं, चेहरा खुललेला. पडद्याकडे नजर गेली आणि ते तसेच उभे राहिले.

"हात दाखवून अवलक्षण! ही चकती मागवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही, वॉल्टर. तेच चुकलं. पहिल्याच वर्षी मागवायला हवी होती."

"एका चकतीने काय होतं गं? ओहायोच्या प्रयोगशाळेतल्यांनाही तुझीच दिशा दिसलीय. आत्ताच फोन आला, म्हणून तर हे डोनट. ते काय सगळे आंधळे आहेत?"

कोरीनच्या जिवात जीव आला. तिथली भट्टी वेगळी, यंत्रं वेगळी, माणसंही ओळखीची नाहीत. सगळे एकाच खड्ड्यात कसे पडतील? ती हसली सुद्धा. मग सवयीने तिने विचारलं,

"चकत्या कुठल्या वापरल्या त्यांनी?"

पेट्रिशिन खोक्याची दोरी सोडवायला लागले, ती काही सुटेना.

"वॉल्टर, चकत्या कुठल्या?"

"त्यांना चांगल्या मिळत नव्हत्या," ते खाली बघत म्हणाले. "आपल्या जुन्यातल्याच पाठवल्या मी. कुठली बाजू कुठे ठेवायची, तेही नीट सांगितलं. तुझं खरं ठरावं म्हणून."