बसकी टाळी

बाबांनी हयातभर घरीच जोडलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर त्यांच्या मागे एकदाचे विकले गेले, तरी लेकीचा जीव काही थाऱ्यावर येईना.

शेवटची जोडी घेणारा गृहस्थ बाबांसारखाच नादिष्ट होता. स्पीकर गाडीत चढवून तो पाणी प्यायला पुन्हा वर, आता रिकाम्या झालेल्या खोलीत आला.

"बाबा नवा स्पीकर लावण्याआधी इथे मधोमध उभं राहून टाळी वाजवायचे," ती म्हणाली. "रिकामी खोली घुमते, भरलेली आवाज गिळून टाकते, म्हणायचे."

"बरोबरच आहे!" म्हणत त्याने हौसेने टाळी वाजवली.

आवाज जागच्या जागी विरला.

त्याने उघड्या भिंतींकडे, उघड्या फरशीकडे पाहिलं. "कमाल आहे, ताई. माणसांनी खचाखच भरल्यासारखी वाटते." मग पाणी तसंच ठेवून तो लगबगीने जिना उतरला.

"काहीतरीच!" ती स्वतःशीच म्हणाली. तरी राहवेना. बाबा उभे राहायचे तिथेच जाऊन ती उभी राहिली आणि तिने हात उचलले.

तिचे तळवे एकमेकांना लागायच्या आतच, अगदी तिच्या कानामागे, टाळी वाजली.